मागं राहायला कुणीतरी

सिद्धेश्वरच्या धरणाजवळ मेंढपाळांची एक वस्ती आहे. तिथं मंजुळाबाईचं नाव निघालं की लोक आधी तिच्या हाताबद्दल बोलतात. हात लहान, बोटं बारीक, एखाद्या पोरीसारखी. मेंढी अडली, कोकरू आडवं आलं की आसपासच्या वस्त्यांतून माणूस धावत येतो तो हिच्याकडेच. ती हात घालते, चाचपून कोकराचे पाय सरळ करते आणि ओढून आईपुढे ठेवते. लोक वाहवा करतात. या वाहवेनं त्या बाईचं किती वाटोळं केलं, ते मात्र कुणी बोलत नाही.

कळप असलेल्या घरात एक नियम कुणी कुणाला शिकवत नाही, तो अंगवळणीच पडतो. दोघांनी मिळून घर सोडायचं नाही. लांडगा आहे, चोर आहे, मागं राहायला कुणीतरी पाहिजे. नियम बरोबर आहे, त्याबद्दल तक्रार नाही. फक्त हे कुणीतरी जन्मभर मंजुळाबाईच निघाली, हे जरा नवल आहे. शिवरात्रीला नवरा, सटवाजी, औंढ्याच्या जत्रेला जाणार आणि ही मागं. सोयऱ्यांची लग्नं, बारशी, तेरवी, सगळीकडे तो आणि ही मागं. पोटच्या पोरीचं, शिवकन्याचं, लग्न वसमतला झालं. अक्षता पडल्या आणि ही बाई पंगतीला न बसता एसटी धरून मेंढरांकडे परत आली. पोरगी सासरी निघाली तेव्हा तिला गळ्याशी धरायला शेजारणी होत्या, आई नव्हती. 

गेल्या भाद्रपदात महालक्ष्म्यांच्या सणाला मुलगा बालाजी पुण्याहून आला. तो तिकडे एका कारखान्यात सुपरवायझर आहे. जेवण झाल्यावर त्यानं मोबाइल काढला.

"माय, येत्या माघात तुमच्या लग्नाला पन्नास वर्षं व्हतात. मी अन् शिवकन्यानं ठरवलंय, तुमा दोघांला बोटीनं फिरायला धाडायचं. समुद्रावर. मुंबईहून निघते."

"आमाला?" मंजुळाबाई हसायलाच लागली. "अन् मेंढरं?"

"मेंढरं वैजनाथ बघंल. तीन रात्रीचा तर सवाल हाये. तू बोट पसंत कर."

सटवाजी तंबाखू मळत होता. "मला काय कळतंय त्यातलं? तिलाच विचार," म्हणाला आणि थुंकायला बाहेर गेला. अशा रीतीनं जन्मात पहिल्यांदा निवड करायचं काम मंजुळाबाईच्या वाट्याला आलं.

बालाजीनं तीन बोटी दाखवल्या. एक इमारतीएवढी, तिच्यात पोहायचा हौद आणि नाचगाणी. दुसरी थेट लक्षद्वीपला जाणारी. "हिच्यातून चांगले दीड-दोन दिवस जमीनच दिसत न्हाई," तो म्हणाला. तिसरी बेताची, कोकणचा किनारा धरून गोव्यापर्यंत जाणारी.

मंजुळाबाईची नजर दुसऱ्या बोटीवरून हलेना. जमीनच नाही. म्हणजे कुणाचा बांध नाही, कुणाचं उभं पीक नाही, मेंढरू घुसलं म्हणून कुणाच्या शिव्या नाहीत. जन्मभर तिचे डोळे दुसऱ्याच्या रानाच्या कडेवर खिळलेले होते. राखायला काहीच नाही अशी जागा जगात आहे, आणि तिथं रात्री न उठता सलग झोपता येतं, हे तिला खरंच वाटेना. तिला ती बोट हवी होती, अगदी जीव टाकून हवी होती.

पण सटवाजीला पाण्याची भीती. एसटी पूर्णा नदीच्या पुलावर आली की हा गडी डोळे मिटून घेतो.

"जमीन दिसत राहती ती कोणती?" तिनं विचारलं.

"ही तिसरी."

"मग हीच घे. तुझ्या बापूला जमीन दिसली म्हणजे बरं वाटंल."

माय, तुला कोणती आवडली, हे काही बालाजीनं विचारलं नाही. पोरगं चांगलं आहे, त्याच्या मनात तो प्रश्न आलाच नाही.

बोट ठरली, तरी मंजुळाबाईचं काम तिथून सुरू झालं. मेंढी पाच महिने पोट वागवते. बोट माघात, म्हणजे त्या सुमाराला कळपात एकही मेंढी व्यायला नको. दुसऱ्याच दिवशी तिनं जुन्या लुगड्याचं जाड फडकं मेंढ्याच्या पोटाखाली घट्ट बांधलं, म्हणजे तो मेंढ्यांवर गेला तरी गाभ राहणार नाही.

"दिवाळीपतुर हे सोडू नका," तिनं सटवाजीला बजावलं.

"व्हय व्हय," तो म्हणाला.

मग तिनं वैजनाथला धरलं. वैजनाथ हा तिचा पुतण्या, चांगला बाप्या माणूस, पण त्याची गुजराण शेतीवर, मेंढरं त्याला बुजायची. तिनं आपलं दुसरं लुगडं त्याच्या अंगावर टाकलं आणि रोज संध्याकाळी त्याला कळपातून फिरवलं, मेंढरांना तिच्या वासाबरोबर त्याचीही सवय व्हावी म्हणून. वस्ती पोट धरून हसली. वैजनाथ लाजला, पण काकूसाठी त्यानं तेही केलं. दिवाळीनंतर मेंढरं त्याच्या मागं निमूट चालू लागली. शिवकन्यानं आईला अबोली रंगाची साडी धाडली. ती मंजुळाबाईनं पत्र्याच्या पेटीत ठेवली आणि दर दोन दिवसांनी काढून पुन्हा घडी घातली. म्हातारपणी माणूस इतकं हरखतं, हे पाहून कुणालाही कसंसंच व्हावं.

पौष सरता सरता एका संध्याकाळी मेंढरं कोंडायच्या वाड्यात घेताना तिचा हात एका मेंढीच्या पोटाला लागला. पोट जड होतं. कास उतरायला लागली होती. तिनं दुसरी चाचपली, तिसरी चाचपली. मग ती खाली मातीत बसली.

"फडकं सोडलं व्हतं का?" तिनं सटवाजीला विचारलं.

"कोणतं फडकं?"

"मेंढ्याचं."

सटवाजीनं आठवून पाहिलं. महालक्ष्म्यांनंतरच्या पितरपाटात, पितृपक्षात, तो खतासाठी मेंढरं बसवायला वसमतकडच्या एका पडीक रानात गेला होता. लहान कोकरं घेऊन मंजुळाबाई घरी होती, नेहमीप्रमाणे मागं. "हां, तवा सोडलं व्हतं आठ-दहा दिवस. पावसानं भिजून घासत व्हतं. मेंढ्याला लई तकलीफ व्हत व्हती. येताना बांधलं की पुन्हा."

"मला सांगितलं काहून न्हाई?"

"ध्यानातच राहिलं न्हाई, बालाजीची माय."

त्यानं मुद्दाम केलं असतं तर ती भांडली असती, चार माणसांत त्याची शोभा केली असती. पण तो खरं बोलत होता. मेंढ्याची तकलीफ त्याच्या डोळ्यांना दिसली, आणि बायकोनं जिवापाड जपलेली गोष्ट त्याच्या ध्यानात राहिली नाही. याच्याशी भांडायचं कसं? तिच्या अंगाचा नुसता संताप झाला आणि तो तसाच आत राहिला.

फोनवर बालाजी हळहळला. वैजनाथला मेंढरं राखता येत होती, पण अडलेली मेंढी सोडवणं त्याला जमत नव्हतं. मग आता कसं?

"बापू थांबतील," मंजुळाबाई म्हणाली. "मी शिवकन्यासंगं जाते."

सटवाजीला ही गंमत वाटली. "म्या थांबू? अन् मेंढी अडली तर? माझा पंजा बघ केवढा हाये. हात तुझा लहान, तूच पायजे इथं."

बालाजीनं शिवकन्यालाही फोनवर जोडून घेतलं होतं. ती पलीकडून म्हणाली, "माय, मी सुट्टी काढते, तू चल." पण बालाजीनं तिला थांबवलं. बापू म्हणतेत ते बराबर हाये, कोकरं मेली तर मायलाच वाईट वाटंल, असं त्याचं म्हणणं पडलं. तिकीट वाया जायला नको आणि त्याच्यावरचं नाव बदलता येत होतं. मग बालाजीचे सासरे व्यंकटराव निघाले. वसमतला त्यांचं हळदीचं दुकान, माणूस हौशी. ते एका पायावर तयार झाले.

निघताना सटवाजीनं नवं धोतर नेसलं, टोपी घातली. "मेंढरांकडं ध्यान ठेव," म्हणाला. त्या बाईला म्हणाला!

दुसऱ्या दिवशी वैजनाथ हसत हसत मोबाइल घेऊन वाड्यावर आला. बोटीवरून व्हिडिओ आला होता. खोलीत एकच मोठा पलंग, त्यावर गुलाबाच्या पाकळ्या, टॉवेलची घडी घालून केलेले दोन हंस, एकमेकांच्या चोचीला चोच लावलेले. लग्नाच्या वाढदिवसाचा केक बालाजीनं आधीच सांगून ठेवला होता; नाव बदललं ते तिकिटावर, केकवाल्याला कुणी कळवलंच नव्हतं. केकवर सटवाजी आणि मंजुळाबाई अशी दोन नावं होती, मध्ये लाल बदाम. दोन मिशाळ व्याही एकाच सुरीला हात लावून तो कापत होते आणि बोटीवरची माणसं टाळ्या पिटत होती. व्यंकटरावांनी सटवाजीला घास भरवला. सुरी नेमकी मंजुळाबाईच्या नावावरून गेली होती.

वैजनाथनं काकूच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याचं हसू जिथल्या तिथं राहिलं. त्यानं मोबाइल खिशात घातला.

"पुन्हा लाव," ती म्हणाली. "मागं खिडकी दिसती का बघ, पाणी दिसतंय का." खिडकीला पडदा ओढलेला होता. सटवाजीनंच ओढायला लावला असणार.

तीन रात्री ती कंदील घेऊन कळपात बसली. एकही मेंढी व्याली नाही. एकसुद्धा नाही. सटवाजी परत आला, टोपीच्या जागी बोटीचं नाव छापलेली निळी कॅप घालून, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली मेंढी अडली.

"अगं ये लवकर!" तो ओरडला.

ती आली. हाताला तेल लावलं, गुडघ्यावर बसली आणि हात आत घातला. सटवाजीनं मेंढीचं डोकं धरलं होतं. वस्तीभर सांगून झालेलं त्यानं बायकोला अजून सांगितलं नव्हतं, ते आता सुचलं.

"काय न्हाई गं तिथं. निस्तं पाणी. तुला करमलंच नसतं."

"ते मी पाहून ठरवलं असतं," ती म्हणाली. कोकराचा एक पाय मागं दुमडलेला होता, तो ती बोटांनी पुढे आणत होती. "पन्नास वर्षं झाली. समुद्रावर मला करमतं का न्हाई, हे बी तुमीच सांगायचं."

"असं काय बोलून राहिली सकाळी सकाळी?"

पाय सुटला, तिनं ओढलं आणि कोकरू ओलंचिंब मातीत आलं. तिनं त्याचं नाक पुसलं, त्यानं श्वास घेतला. सटवाजीनं वाकून शेपटीखाली पाहिलं आणि त्याचा चेहरा फुलला.

"मादी हाये!"

"ठेवून घ्या मग," मंजुळाबाई हात पुसत म्हणाली. "मागं राहायला व्हईल."