मोहाला बांधलेली मुलगी

मावशीची दोन वर्षांची मुलगी बालकल्याण समितीने शिशुगृहात ठेवली, तेव्हा घरातल्या प्रत्येकाने मावशीला एकच सल्ला दिला: माफी माग आणि लेकरू घेऊन ये. मावशीने माफी मागायची नाही असं ठरवलं आणि सोबतीला मला निवडलं. इंग्रजी शाळेत शिकलेली घरात मी एकटीच, म्हणून. मी चारचौघांत तोंड उघडत नाही, हे तिला पुरतं माहीत होतं.

नागभीडजवळच्या आमच्या गावात मोहफुलं वेचायला बायका पहाटेच जंगलात जातात. वाकलेली बाई वाघाला जनावरच वाटते, म्हणून सगळ्या जवळजवळ राहतात, एकमेकींना हाका देत. घरी सांभाळायला कोणी नसलं की लेकरूही सोबत येतं. ते झुडपात शिरू नये म्हणून कमरेला जुन्या लुगड्याची पट्टी बांधून मधल्या मोहाच्या झाडाला अडकवतात. आईने मलाही असंच बांधलं होतं म्हणे.

जंगलातल्या रस्त्याने जाणाऱ्या कोणीतरी मावशीच्या रडणाऱ्या मुलीचा व्हिडिओ काढला आणि तो सगळीकडे पसरला. त्यात झाड होतं, पट्टी होती, बायका नव्हत्या. चौकशीला आलेल्यांनी विचारलं, तुम्हीच बांधली का? मावशी म्हणाली, "रोजच बांधतो." तेवढंच लिहून घेतलं गेलं.

समितीला आईबापाचं म्हणणं ऐकून घ्यावंच लागतं आणि निकाल पटला नाही तर अपील करता येतं, हे मी वाचून काढलं होतं. चंद्रपूरच्या बसमध्ये मी ते मावशीच्या कानात सांगितलं. तिने ते सगळ्या बसला सांगितलं.

समितीच्या मधल्या खुर्चीत एक मॅडम होत्या. "लेकराला बांधून ठेवणं बरं दिसतं का?"

"मोकळी सोडली असती अन् वाघानं नेली असती, तं काय लिवलं असतं, बाई?"

"मग घरी ठेवायची."

"कोनापाशी? सासू मायाच मांगं वेचून राह्यली होती."

मग मावशीने पिशवीतून तीच पट्टी काढली आणि मला काही कळायच्या आत माझ्या कमरेला बांधून दुसरं टोक टेबलाच्या पायाला अडकवलं. कोणीतरी हसलं.

"टोचते का, विचारा हिले."

सगळे माझ्याकडे बघत होते आणि मला तर पळताही येत नव्हतं.

"नाही टोचत," मी म्हटलं. "गाठ पाठीमागे असते, लेकराचा हात पोचत नाही. मोठ्या माणसाने ओढली की लगेच सुटते. व्हिडिओ काढणाऱ्याने एक हाक दिली असती, तर सगळ्या बायका धावून आल्या असत्या." आवाज मोठा नव्हता, पण वाक्यं पुरी झाली. मॅडम उठून आल्या आणि त्यांनी स्वतः गाठ ओढून पाहिली; ती लगेच सुटली.

मुलगी त्याच दिवशी मिळाली. आदेशात मात्र लिहिलं होतं: आईचा निष्काळजीपणा दिसून आला, ताकीद देण्यात येते.

"मुलगी मिळाली ना, ताई? करा सही," कार्यालयातला बाबू म्हणाला.

"करतो. पन मले हे मान्य नाई, असं लिवूनच करतो," मावशी म्हणाली, आणि तसंच केलं.

खाली मावशीचे यजमान, म्हणजे काका, वाट बघत उभे होते. सही कशी केली ते ऐकून म्हणाले, "पोरगी भेटली, आता काऊन भांडून राह्यली?"

"उद्या हे मोठी होईन. कोनी हा कागद काढून दाखवीन तिले, तुई माय अशी होती म्हनून. तवा तुमी जासान का सांगाले?"

मुलगी मावशीच्या खांद्यावर झोपली होती, मुठीत पदर घट्ट धरून. मावशी माझ्याकडे बघत नव्हती, काही मागतही नव्हती.

मी एकटीच परत जिना चढले. बाबूने मान वर केली नाही. "आता काय राहिलं?"

"अपील कुठे करायचं?"

त्याला ऐकू गेलं नाही. मी आणखी मोठ्याने विचारलं.