तात्यांचा रुपया आणि माझी प्रयोगशाळा

माझ्या सासऱ्यांनी मला दिलेला चांदीचा रुपया खोटा आहे, हे मी एका मंगळवारी शास्त्रीय पद्धतीने सिद्ध केलं. लोक काही सिद्ध करतात तेव्हा त्यांना शाल-श्रीफळ मिळतं. मला त्या संध्याकाळी सकाळची भाकरी आणि चटणी मिळाली, आणि तीही ताट आपटून!

मी बारामती एमआयडीसीतल्या एका दूध डेअरीच्या प्रयोगशाळेत काम करतो. दुधात पाणी घातलंय का, साखर घातलीय का, युरिया आहे का, हे पकडणं माझं काम. दिवसभर खोटं शोधून शोधून माझा स्वभावच असा झालाय की समोर आलेली वस्तू आधी खोटी, मग बघू. बायको वैशाली म्हणते की अंतरपाट दूर झाला तेव्हा मी तिच्याकडेही असाच बघत होतो, बाटलीत नमुना आल्यासारखा. (मला तसं आठवत नाही. पण नाकारायला पुरावा नाही.)

माझी सासुरवाडी इंदापूर तालुक्यात. सासऱ्यांना सगळे तात्या म्हणतात. दर तीन वर्षांनी अधिक महिना येतो आणि तो जावयाचा महिना असतो. पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे आणि वर चांदीचं काहीतरी वाण द्यायचं, अशी आपल्याकडची रीत. त्या वर्षी तात्यांनी माझ्यापुढे ताट ठेवलं. त्यात तेहतीस अनारसे, तुपाचा दिवा आणि दिव्याशेजारी एक काळपट रुपया होता. इंग्रजांच्या काळातला, राणीचा चेहरा असलेला.

सगळी भावकी बसली होती. तात्या एरवी चार शब्द बोलायचे तिथे दोन बोलतात, पण त्या दिवशी बोलले. "आमच्या आईच्या देव्हाऱ्यातला हाय. दुस्काळात घरातली भांडी मोडली, पर तिनं ह्यो मोडला न्हाय. आता तुमच्या देव्हाऱ्यात ऱ्हाऊ द्या."

अशा वेळी कुठलाही शहाणा माणूस नाणं डोळे मिटून कपाळाला लावतो. मीही लावलं. पण लावता लावता वजनाचा अंदाज घेतला, आणि ते मला जरा जास्तच जड वाटलं.

घरी आलो आणि मोबाईलवर शोधाशोध केली. एक गृहस्थ सांगत होते की राणीच्या रुपयाला शौकीन लोक म्हणाल ती किंमत देतात, मात्र बाजारात खोट्या रुपयांचा सुळसुळाट आहे. पहिल्या वाक्याने वैशालीचे डोळे मोठे झाले. दुसऱ्या वाक्याने माझे झाले.

पहिली परीक्षा आवाजाची. अस्सल चांदी फरशीवर टाकली की खणखणते, असं त्या गृहस्थांचं म्हणणं. मी टाकली. आवाज ऐकायच्या आत रुपया घरंगळला आणि थेट फ्रिजखाली गेला. फ्रिज ओढताना त्याची पिन निघाली, हे संध्याकाळपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही. तोवर सासूबाईंनी बांधून दिलेलं डबाभर पुरण आंबलं होतं. दुसरी परीक्षा बर्फाची होती. चांदीवर बर्फ झपाट्याने वितळतो म्हणे! पण फ्रिजच बंद असल्यामुळे बर्फाचं पाणी रुपया न ठेवताच झालं होतं, म्हणून ती परीक्षा रद्द करावी लागली. मग लोहचुंबक लावून पाहिलं. रुपया चिकटला नाही. म्हणजे तो लोखंडाचा नव्हता, पण शिसंही लोहचुंबकाला चिकटत नाही. माझा संशय बळावला.

"देवातलं नाणं आहे, देवात ठेवा की," वैशाली म्हणाली.

मी म्हणालो की देवात ठेवायचं म्हणजे तर खरंच पाहिजे. यावर तिला उत्तर सुचलं नाही, असं मला वाटलं. आता विचार करतो तेव्हा कळतं की ती आंबलेलं पुरण टाकून द्यायला आत गेली होती.

मंगळवारी मी रुपया डब्यात घालून डेअरीत नेला. जुन्या पुस्तकांत सगळीकडे लिहिलेलं असतं की इंग्रजांचा रुपया एक तोळ्याचा. आणि तोळा म्हणजे किती? बारामतीत कुठल्याही पोराला झोपेतून उठवून विचारा, दहा ग्रॅम. आमचा काटा म्हणजे मुंगीचंसुद्धा वजन सांगणारा. त्यावर रुपया ठेवला, तर साडेअकरा ग्रॅमच्याही वर! दीड ग्रॅम जास्त! दुधात फॅट जास्त लागली की मी जसा खुर्चीतून उठतो, तसा उठलो. आत शिसं भरलेलं होतं, दुसरं काय?

इथे थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण प्रयोगशाळेतला माणूस एका चाचणीवर निकाल देत नाही. आतला धातू दिसावा म्हणून मी नाण्याच्या कडेवर कानस चालवली. नीट दिसलं नाही म्हणून आणखी चालवली. मग राणीच्या गालावर ॲसिडचा थेंब टाकला. थेंब फसफसला आणि हिरवट दिसला. हिरवट म्हणजे तांबं! मी वहीत तारीख टाकून निकाल लिहिला: नमुना भेसळयुक्त.

संध्याकाळी घरी येऊन निकाल जाहीर केला. वैशाली कणिक मळत होती. तिचे हात थांबले.

"म्हणजे माझ्या आजीनं जन्मभर खोट्या रुपयाची पूजा केली?"

मी तिला समजावलं की आजींचा दोष नाही, त्यांना कुणीतरी फसवलं असणार. बायकामाणसं भोळी असतात. (हे वाक्य मला त्या वेळी दिलासा देणारं वाटलं होतं.) तिने कणिक तशीच झाकून ठेवली आणि आईला फोन लावला. त्या भाकरी-चटणीचं मूळ हे.

सकाळी आठच्या सुमाराला दारात तात्या उभे. पहिल्या एसटीने आले होते. पांढरी टोपी, इस्त्रीचं धोतर, हातात मोकळी पिशवी. मी मनात भांडणाची तयारी केली. वहीसुद्धा जवळ ठेवली. पण तात्या भांडायला आलेच नव्हते. पाणीसुद्धा न पिता ते खाली मान घालून म्हणाले,

"पावनं, चूक झाली आमच्याकडनं. वाण खोटं गेलं. चार मानसांत दिल्यालं वाण खोटं, म्हंजी पाप हाय ते."

मी म्हणालो, "अहो तात्या, असू द्या, त्यात काय."

"आसू कसं द्या? तुमी शिकल्यालं हाय, तुमी तपासून बोलणार." एवढं बोलून त्यांनी सदरा वर केला आणि कमरेचा चांदीचा करदोडा काढायला लागले!

तो करदोडा लग्नापासून त्यांच्या कमरेला होता. त्याची कडी इतक्या वर्षांत अशी बसली होती की बोटांनी हलेना. मी "नको नको" म्हणत होतो, ते "ऱ्हाऊ द्या" म्हणत होते. मग ते म्हणाले, "पक्कड हाय का घरात?" मी काय करावं? मी पक्कड आणली. सकाळी सव्वाआठला, स्वतःच्या दिवाणखान्यात, मी सासऱ्यांच्या कमरेशी पक्कड घेऊन गुडघ्यांवर बसलो होतो आणि ते श्वास रोखून उभे होते. त्याच क्षणी समोरच्या फ्लॅटमधल्या काकू दही मागायला आल्या. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, हातातली वाटी पाहिली, आणि काही न मागता परत गेल्या.

करदोडा निघाला. तात्यांनी तो माझ्या हातात ठेवला. त्यांच्या कमरेवर पांढरा वळ पडलेला दिसत होता. मला फार वाईट वाटलं. तरीही माझ्या तोंडून काय निघावं? मी म्हणालो, "हा तरी खरा आहे ना?" गंमत करून वातावरण हलकं करायचा माझा हेतू होता. कुणीही हसलं नाही.

वैशाली उठली. तिने देव्हाऱ्याशेजारच्या डबीतून रुपया उचलला आणि म्हणाली, "दोघंही चपला घाला. सोनाराकडं जायचं."

पेठेतले सोनार म्हातारे होते. मी वही उघडून माझ्या चाचण्या सांगायला लागलो. त्यांनी माझ्याकडे न बघता रुपया काउंटरच्या काचेवर टाकला. असा स्वच्छ, लांबलेला आवाज आला की बाहेरचा चहावाला वळून बघायला लागला. मग त्यांनी काट्यावर टाकला.

"बरोबर हाय वजन," ते म्हणाले.

"बरोबर कसं? तोळा दहा ग्रॅमचा," मी म्हणालो.

"आजचा तोळा दहाचा, साहेब. राणीच्या वेळचा तोळा पावणेबाराचा होता. थोडी झीज धरली तर बरोबर बसतंय. आणि त्या चांदीत तांबं घालायचेच, नाहीतर नाणं टिकायचं कसं? हे आमच्या दुकानातल्या नव्या मुलालाबी माहीत हाय."

मी वही मिटली. सोनारांनी डोळ्याला भिंग लावलं.

"राणीच्या गालावर काय सांडलंय?"

"ॲसिड."

"आणि कडेला उंदीर लागला होता का?"

"कानस मारली," मी म्हणालो.

त्यांनी भिंग खाली ठेवलं. शौकीन गिऱ्हाइकाने हे नाणं हसत हसत भारी भावात घेतलं असतं, असं ते म्हणाले. आता ते चांदीच्या भावात जाईल, कारण कुणी शौकीन माणूस भाजलेल्या गालाची राणी घेत नाही. वैशाली माझ्याकडे बघत नव्हती. ते बघण्यापेक्षा वाईट होतं.

तात्यांनी यातलं काहीच ऐकलं नसावं. त्यांनी एकच विचारलं, "पर खरा हाय न्हवं?"

"शंभर टक्के."

तात्यांनी टोपी काढली आणि रुपया कपाळाला लावला. मग हळूच म्हणाले, "रातभर आईला बोल लावला मी. तिनं काय खोटं ठिवलं न्हवतं."

मला ते शिव्या देतील तर बरं, असं वाटत होतं. त्यांनी शिव्या दिल्या नाहीत. सगळ्यांना चहा सांगितला, माझ्या खिशातला करदोडा सोनारांकडून परत कमरेला चढवून घेतला आणि रुपया माझ्या हातात ठेवला. दिलेलं वाण परत घेत नाहीत म्हणाले. एसटीत बसताना माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "इलम लई हाय तुमच्याकडं. जरा कमी वापरत जावा."

रुपया आमच्या देव्हाऱ्यात आहे. वैशाली रोज राणीच्या भाजलेल्या गालावर कुंकवाचं बोट लावते आणि लावताना माझ्याकडे बघते.

परवाच्या अधिक महिन्यात तात्यांनी पुन्हा जेवायला बोलावलं. मी गेलो, जावं लागतं. ताटात अनारसे, दिवा आणि या वेळी नवी कोरी चांदीची वाटी होती. वाटीत घडी घातलेला कागद.

"पावनं," तात्या सगळ्या भावकीसमोर म्हणाले, "वाटी हालमार्कची हाय. पावती संगं ठिवलीय. काय तपासायचं ते हितंच तपासून घ्या, म्हंजी मला येष्टीनं यायला नगं."

सगळे हसले. मीही हसलो. वाटी कपाळाला लावली आणि मनाशी शपथ घेतली की हिला काटा, कानस आणि ॲसिड दाखवायचं नाही. ती शपथ मी पाळली आहे. त्या दिवसानंतर वाटीला मी हातसुद्धा लावलेला नाही.

पावती मात्र सहज उजेडात धरून पाहिली. तिच्यावरचा शिक्का मला जरा पुसट वाटतोय. वैशालीला अजून काही बोललेलो नाही.