खटखट्यांचं कोरं मशीन

खटखटे हे त्यांचं आडनाव नव्हे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. बत्तीस वर्षं कचेरीत टायपिस्ट म्हणून बोटं बडवली, त्यावरून कुणा शिपायाने ठेवलेलं हे नाव. ते असं काही चिकटलं की निरोपाच्या भाषणात साहेबांनीसुद्धा "आपले खटखटे" अशी सुरुवात केली आणि खरं आडनाव काय, ते शेवटपर्यंत त्यांना आठवलं नाही.

गृहस्थ राहायचे दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांत. खाली इस्त्रीचं दुकान आणि त्याला लागून कॉम्प्युटर दुरुस्तीचं. बायको जाऊन चार वर्षं झालेली, एकुलती लेक दूरच्या शहरात नोकरीला. पण घर असं लख्ख, की जिन्यावर त्याची चर्चा व्हायची. दूध उतू गेल्याचा वास कधी आला नाही. दोरीवर शर्ट वाळत घातले तर कॉलर खाली, बटणं लावलेली, अगदी बाईमाणसाने घातल्यासारखे.

"कुणीतरी येऊन करून जात असणार," तळमजल्यावरच्या मावशी म्हणायच्या आणि भुवई जरा वर न्यायच्या.

मावशींची भुवई अगदीच वाया जात होती असं नाही. सांगणारी एक होती. फक्त ती कॉम्प्युटरात होती.

झालं होतं असं. बायको आठ महिने अंथरुणावर होती. खटखटे सकाळी कचेरीत गेले की ती हळूहळू उठून कॉम्प्युटरसमोर बसायची. संध्याकाळी कळफलकात बिस्किटाचा चुरा सापडला की हे विचारायचे, "पत्ते खेळत होतीस ना?" आणि ती म्हणायची, "मग काय तुमच्यासारखी अर्जांच्या नकला मारू?" ती गेल्यावर तिसऱ्या दिवशी यांना एक फाइल सापडली. नाव होतं 'अहोंसाठी'. एका बोटाने, कळ शोधून शोधून, बाईने एक्केचाळीस पानं मारली होती. पहिल्या पानावर मथळ्यांची यादी. दूध. शर्ट. ताप आला तर. लेकीचा फोन आला तर. पुढे एकेका मथळ्याखाली एकेक पान.

'दूध' या पानावर लिहिलं होतं: "अहो, दूध तापत असताना पेपर वाचू नका. उभे राहा. दुधाकडे बघत उभे राहा. दूध काही लाजत नाही."

खटखट्यांनी त्याच दिवशी एक नियम केला. प्रसंग आल्याशिवाय त्या प्रसंगाचं पान उघडायचं नाही. सगळं एका बैठकीत वाचलं असतं तर बाई एका संध्याकाळीत संपली असती. म्हणून ताप आला तेव्हाच त्यांनी 'ताप' वाचलं आणि उशी उसवली तेव्हाच 'सुईदोरा'. फाइलची छापील प्रत काढायचं त्यांनी टाळलं, कारण छापताना नजर पडतेच. चार वर्षांत चौतीस पानं वाचून झाली. सात उरली. त्यातली काही अशी होती की त्यांचा प्रसंग यायचं चिन्ह दिसत नव्हतं. एक होतं 'कुणाशी भांडण झालं तर'. आता भांडायला माणूस लागतो. दुसरं होतं 'लेक चार दिवस राहायला आली तर'. लेक यायची, पण सकाळी येऊन संध्याकाळच्या गाडीने परत. चार दिवसांचा योग काही जुळला नव्हता.

आणि अडतिसाव्या पानाचा मथळा होता 'कॉम्प्युटर बिघडला तर'.

आता कॉम्प्युटर म्हणाल तर तो बिघडलेलाच होता. सुरू व्हायला बावीस मिनिटं घ्यायचा. खटखटे बटण दाबून दाढी करायचे, आंघोळ उरकायचे, चहा घेऊन खुर्चीत येऊन बसायचे, तरी पडद्यावर वर्तुळ फिरतच असायचं. आतला सेल मेल्यामुळे रोज सकाळी तारीख वीस वर्षं मागे जायची. ती मात्र त्यांनी कधी दुरुस्त केली नाही.

"बाबा, ते डबडं टाकून द्या हो," लेक फोनवर म्हणायची.

"डबडं काय म्हणतेस? तुझ्या लग्नाची पत्रिका याच्यावर झालीय."

"म्हणूनच म्हणते. लग्नाला किती वर्षं झाली मोजा."

मग एका सोमवारी बावीसची पस्तीस मिनिटं झाली, आणि मंगळवारी वर्तुळ फिरता फिरता पडदा निळाच पडला. तिसऱ्या खेपेला कॉम्प्युटर कसाबसा सुरू झाला तेव्हा खटखट्यांनी चपला चढवल्या. ते तडक खाली गेले.

दुरुस्तीचं दुकान चालवायची एक पन्नाशीची बाई. चष्मा कपाळावर, स्क्रू-ड्रायव्हर केसात. जिभेला हाड म्हणून नव्हतं. खटखटे तिला डॉक्टरीणबाई म्हणत.

"काका, म्हातारा आता औषधाने बरा व्हायचा नाही," ती म्हणाली. "सगळं पुसायचं आणि सिस्टम नव्याने टाकायची. हलकी देते, त्याला झेपेल अशी. तुमचं जे काही असेल ते आधी पेन-ड्राइव्हवर काढून घ्या. मी येऊ का वर?"

"तुम्ही कशाला जिने चढता? मी करीन."

"करा. अडलात तर हाक मारा. आणि काका, काढून घेताना नीट बघा. नंतर रडत आलात तर माझ्याकडे रुमाल नाहीत."

नीट बघा म्हणे! बत्तीस वर्षं ज्या माणसाने प्रत्येक कागदाखाली 'मूळ प्रतीशी ताडून पाहिले' असं मारून सही ठोकली, त्याला नीट बघायला सांगायचं? खटखट्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यांनी वर येऊन फायली काढून घेतल्या. मोजल्या. सहाशे बारा. पेन-ड्राइव्हवरच्या मोजल्या. सहाशे बारा. 'अहोंसाठी' तर दोन वेगळ्या ठिकाणी ठेवली.

मग क्षणभर ते थांबले. अडतिसावं पान वाचायचा प्रसंग हाच होता. नियमाप्रमाणे उघडायला हवं होतं. पण स्वयंपाकघर तिचं, सुईदोरा तिचा, लेकसुद्धा एक वेळ तिचीच म्हणू. मशीन मात्र यांचं. "आता यातही हिला विचारायचं?" असं स्वतःशीच म्हणून त्यांनी फाइल बंद केली. संसार तीस वर्षांचा असला तरी हा ताठा बायको गेल्यावरही जात नाही.

डॉक्टरीणबाईने दिलेला नव्या सिस्टमचा पेन-ड्राइव्ह लावला. पडद्यावर प्रश्न आला, सगळं पुसलं जाईल, पुढे जायचं का? खटखट्यांनी चष्मा पुसला आणि 'हो' दाबलं. मग टक्के चढू लागले. चार टक्के. अकरा. सतराला तो इतका वेळ अडला की हे उठून गॅस बंद आहे का ते दोनदा पाहून आले. दुपारी अडीचच्या सुमारास शंभर झाले, मशीनने नाव विचारलं, यांनी इंग्रजीत 'खटखटे' असं लिहिलं, आणि समोर कोरा, गुळगुळीत, कुणाचाच नसलेला पडदा उभा राहिला.

फायली परत भरल्या. सहाशे बारा. 'अहोंसाठी' उघडली.

आत रोमन अक्षरांचा नुसता भुसा होता. कंस, टिंबं, मधेच उद्गारचिन्ह, मधेच सात. एक्केचाळीस पानं भुसा.

तुमच्या-आमच्या हे आधीच ध्यानात आलं असतं, पण खटखट्यांच्या येणार नव्हतं. ते टाइपरायटरवर वाढलेले. टाइपरायटर कितीही घासा, पुसा, तेल घाला, त्याची अक्षरं त्याच्याजवळच राहतात. ती यंत्राच्या दांड्यांवरच ठोकलेली असतात. आपल्या लिपीची अक्षरं कॉम्प्युटरात वेगळी भरलेली असतात आणि बाकी सगळं पुसताना तीही पुसली जातात, ही गोष्ट या माणसाच्या डोक्यातच कधी आली नव्हती. मजकूर ताडून पाहिला होता त्यांनी. अक्षरं मोजली नव्हती.

जिना दोन-दोन पायऱ्या उतरून ते खाली गेले. डॉक्टरीणबाई वर आली. तिने एकामागून एक पाच प्रकारचे फॉन्ट घालून पाहिले. भुसा तो भुसाच, फक्त दर वेळी वेगळ्या धान्याचा.

"हा कुठला फॉन्ट हो, काका?"

"कचेरीमागच्या गल्लीत एक अक्षरवाला होता. त्याने स्वतः बनवलेला. जोडाक्षरं त्याच्या मर्जीने ठेवलेली."

"मग त्याला विचारू या."

"दुकान गेलं. मग तोही गेला."

तिने चष्मा कपाळावरून नाकावर आणला, यांच्याकडे पाहिलं आणि जिभेवर आलेलं गिळलं. असं तिच्या हयातीत फार वेळा झालेलं नाही. "महत्त्वाचं होतं का काही?"

"नाही," खटखटे म्हणाले. "घरातलंच होतं."

ती गेली. खटखटे भुशासमोर बसून राहिले. सात पानं राखून ठेवली होती, चौतीस पाठ होती. पण आता पाठ असलेलीसुद्धा कुठे आहेत ते दाखवता येईना. त्यांनी सवयीने हात कळफलकावर ठेवले. आणि पडद्यावरचं पहिलं रोमन अक्षर जिथे असतं, त्या कळेवर बोट टेकवलं.

बोट म्हणालं, 'अ'.

खटखटे दचकले. पुढचं अक्षर पाहिलं, त्याची कळ चाचपली. बोटाला विचार करावा लागला नाही. त्या एकाच फॉन्टवर ते अठरा वर्षं टायपिंग करत होते. कुठली कळ दाबली की काय उमटतं ते डोक्याला ठाऊक नव्हतं, बोटांना होतं. ते दुसऱ्या पानावर गेले आणि डोळे पडद्यावर ठेवून बोटांनी वाचू लागले. एकेक अक्षर तोंडाने म्हणत. "अ... हो... दू... ध..." दूध काही लाजत नाही, इथपर्यंत पोचले तेव्हा त्यांनी कळफलकावरून हात काढून मांडीवर घेतले आणि बराच वेळ तसेच ठेवले.

मग अडतिसावं पान काढलं. आता ताठा कसला करायचा?

अर्ध्या पानाला पावणेतीन तास लागले. बाईने एका बोटाने मारलेलं. मधेच शेजारची कळ दाबलेली, मधेच एकच अक्षर तीनदा, म्हणजे तिथे खोकला आला असणार. हे वाक्य-वाक्य जुळवून कागदावर उतरवत गेले.

"अहो, कॉम्प्युटर बिघडला तर मला विचारायचं नाही असंच तुम्ही ठरवणार, म्हणून हे पान तुम्ही वाचणार नाही. आणि मशीन बंद असेल तर वाचणार कसे, हेही मला कळत नाही. विचारलं असतं, पण मग चोरी उघडी पडली असती. तरी लिहिते. तुम्ही कामाने परगावी गेला होतात तेव्हा पत्ते खेळताना माझ्या हातून काहीतरी दाबलं गेलं आणि तुमची सगळी अक्षरं गेली. मी अक्षरवाल्याला बोलावून पुन्हा भरून घेतली. त्याने एक सीडी दिली. तुम्ही ओरडाल म्हणून सांगितलं नाही. बटणांच्या डब्यात तळाला आहे. आता ओरडा."

खटखटे उठले. बटणांचा पत्र्याचा डबा कपाटात वरच्या फळीवर होता. चार वर्षांत कितीदा उघडला असेल, पण बटण वरचं घ्यायचं आणि झाकण लावायचं, तळ पाहण्याचं कारणच पडलं नव्हतं. त्यांनी डबा पलंगावर उपडा केला. शर्टांची, परकरांची, लेकीच्या शाळेच्या कोटाची बटणं घरंगळली आणि शेवटी कागदात गुंडाळलेली सीडी पडली.

"अगं बये," ते मोठ्याने म्हणाले. "माझ्या नाकाखाली?"

ओरडायला सांगितलं होतं, म्हणून आणखी काहीतरी म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. खोली ऐकायला तयार होती. पण मग ते घरंगळलेली बटणं एकेक करून डब्यात भरू लागले.

कॉम्प्युटरचा सीडीचा कप्पा बाहेर येईना, तो त्यांनी टाचणी घालून उघडला. पाच मिनिटांत अक्षरं भरली गेली. 'अहोंसाठी' उघडली तर सगळं जागच्या जागी. खटखट्यांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी पहिल्या पानावरची यादी पाहिली आणि मनातल्या मनात एका मथळ्यावर रेघ मारली. सहा उरले.

तेवढ्यात लेकीचा फोन आला.

"काय बाबा, झालं का डबडं?"

"झालं. एकदम पळतंय." मग जरा थांबून ते म्हणाले, "तू चार दिवस येतेस का राहायला?"

"का हो? बरं नाही का तुम्हाला?"

"मला काय धाड भरलीय? सहज. चार दिवस. तीन नको."

"तीन का नको?" लेक हसली. "बघते, बाबा. या महिन्यात जरा कठीण आहे. बघते."

"बघ," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी खटखट्यांनी नेहमीप्रमाणे मशीनचं बटण दाबलं आणि दाढीचं पाणी ठेवायला वळले. पाणी कोमट व्हायच्या आत मागे पडदा उजळला. डॉक्टरीणबाईने जाताना न विचारता नवा सेल घातला होता. कोपऱ्यात तारीख आजची होती. खटखटे गालाला साबण लावलेल्या अवस्थेत खुर्चीत येऊन बसले. बावीस मिनिटं हातात होती आणि त्यांचं काय करायचं, याचं पान कुठे नव्हतं. त्यांनी यादी उघडली, 'लेक चार दिवस राहायला आली तर' या ओळीवर बोट ठेवलं, आणि तोंडावरचा साबण वाळेपर्यंत ते काढलं नाही.