मोलगीच्या बाजारात खपलेली ज्वारी

दिवाळीच्या सुमारास पेपरात हमखास येतं: दुकानांत विक्री वाढली, देशाची तब्येत सुधारली. वाचून मला शीण येतो. माझं अर्धं आयुष्य तागडीमागे गेलं. विक्री वाढते तेव्हा काय झालेलं असू शकतं, हे मला एकदाच कळलं आणि तेवढं पुरलं.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. आमचं दुकान खाली अक्कलकुव्याला. दर आठवड्याला माल घेऊन वडील आणि मी वर मोलगीच्या बाजाराला जायचो. जाऊन-येऊन कंबरेचा काटा ढिला व्हायचा. डोंगरातली गिऱ्हाइकं मीठ, मिरची, गूळ, घासलेट घ्यायची. धान्य त्यांचं घरचं. ज्वारीचं एखादं पोतं आम्ही नुसतं शोभेला न्यायचो. वडिलांचा नियम होता, कुणीही विचारलं तरी धंदा 'जेमतेम' सांगायचा. तेजीतही जेमतेम, मंदीतही जेमतेम. मी मॅट्रिक झालेलो. मला तो लबाडपणा वाटायचा.

मग एका साली पावसानं मध्येच पाठ फिरवली आणि आमची ज्वारी खपायला लागली.

एक बाई वर्षानुवर्षं फक्त मीठ न्यायची. वर चिमूटभर जास्त पडल्याशिवाय ती हलायची नाही. त्या साली तिनं पहिल्यांदा ज्वारी मागितली. पुढच्या बाजारी पुन्हा. समोर सोनार पथारी टाकून बसायचा. आधी तिथे दागिना मोडायचा आणि मग आमच्याकडे यायचं, असं सगळ्यांचंच चाललं होतं. तिचे पायातले वाळे गेले, मग हातातली कडी गेली. मला ते दिसत होतं. पण खोटं कशाला बोलू, पोती रिकामी होताना मजा येत होती.

माघात एक सरकारी साहेब बाजारात आले. डोंगरात सडकेचं दुष्काळी काम काढायचं की नाही, हे त्यांना ठरवायचं होतं. त्यांनी दुकानादुकानांतून विक्री विचारली. सगळ्यांनी 'जेमतेम'चा पाढा म्हटला. वडील पाणी आणायला गेले होते. साहेब माझ्या पोत्यावर बसले.

"काय शेठ, विक्री कशी आहे?"

"साहेब, गेल्या सालच्या तिप्पट!"

शेठ म्हटल्यानं मी फुगलो होतो. साहेबांनीही खुशीत लिहून घेतलं.

वडील आले, ऐकलं आणि पाणी तसंच खाली ठेवून अहिराणीत म्हणाले, "आरे, जो सोता पिकाडस तोच इकत लेवाले लागना, ती काय तेजी शे? कसाले सांगं तू?"

मला वाटलं होतं, ते टॅक्सला भितील. पण पिकवणाराच विकत घ्यायला लागला तर ती तेजी कसली, असं ते त्या माणसांसाठी बोलत होते, आणि मला लाज वाटली. दुसऱ्या दिवशी कचेरीत गेलो. साहेब म्हणाले, कागद धुळ्याला गेला. लोकांकडे पैसा खेळतो आहे, असं त्यात लिहिलं होतं. "तुम्हीच सांगितलंत ना?" ते म्हणाले. दागिने मोडल्याचं मी सांगू लागलो, पण त्यांच्या तक्त्यात दुकानदारानं काय विकलं एवढाच रकाना होता. गिऱ्हाइकानं काय विकलं, त्याला रकाना नव्हता.

खाली सपाटीवर कामं निघाली. वर निघालं नाही.

चैत्र उलटल्यावर ती बाई आली. हात-पाय मोकळे, गळा मोकळा. ज्वारी मागितली नाही, मीठही नाही. तिला बाजारापुरती अहिराणी यायची. साहेब माझ्या पोत्यावर बसून लिहीत होते, ते तिनं लांबून पाहिलं होतं. त्या लिहिण्यातून काम निघेल म्हणून एवढे दिवस तिचा सगळा पाडा वाट बघत होता.

"तू साहेबले आमनं सांगं ना?" तिनं विचारलं, म्हणजे आमचं साहेबाला सांगितलंस ना.

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"हां, सांगं," मी म्हणालो.

तिचा चेहरा सैल झाला. तिनं ओच्यातून चारोळीची पुरचुंडी काढली. शेजारच्या व्यापाऱ्याला विकली असती, तर तिला दोन दिवसांची ज्वारी मिळाली असती. तिनं ती माझ्या तागडीत ठेवली, आणि मी घेतली.