लायसन भरलेला माणूस

“ओ बाई, लायसन भरलेला मानूस बोलून राह्यलो!”

फोन उचलला की पहिलं वाक्य हेच. मग समजायचं, बाभुळगावचे टेलरकाका; आता आपली काही धडगत नाही.

रेडिओ ऐकायला पोस्टात दरवर्षी लायसन भरावं लागे, त्या काळातले ते. लायसन कधीच बंद झालं, पण यवतमाळचं आमचं सरकारी रेडिओ केंद्र आपल्याच मालकीचं, याबद्दल काकांना शंका नव्हती. मी तिथे संध्याकाळचा शेतीचा कार्यक्रम सांगते. म्हणजे त्यांच्या लेखी मी त्यांच्याच नोकरीत!

“जाहिराती कायले लावता? पैसे भरले ना मी!”

“काका, सरकारचे पैसे पुरत नाहीत आता.”

“मंग मले सांगाचं होतं!”

घ्या! जसं काही शिलाईच्या गल्ल्यातून केंद्र चालवणार होते.

एकाएकी त्यांचे फोन थांबले. रुसले असतील म्हटलं. शेवटचा फोन मी घाईत मध्येच ठेवला होता. काही महिन्यांनी वरून पत्र आलं: तुमचा कार्यक्रम ऐकतं कोण? श्रोत्यांची पत्रं दाखवा, नाहीतर ती वेळ मुंबईच्या कार्यक्रमाला द्या. मी हे सरळ कार्यक्रमातच सांगून टाकलं. साहेबांची बोलणी खाल्ली, ते वेगळं.

आठवड्याभरात गठ्ठा आला. गावं निराळी, नावं निराळी, अक्षरंही निराळी. आणि प्रत्येक कागदावर छापलेलं काय? छाती, कंबर, बाही, उंची! पत्र लिहिल्याशिवाय काका कोणाचं माप घेत नव्हते म्हणे. मापाच्या वहीची पानं फाडफाडून दिली होती.

“माणसं तर खरी आहेत ना?” साहेब हसत म्हणाले आणि गठ्ठा वर पाठवला.

कार्यक्रम वाचला. बातमी सांगायला मी एसटीनं बाभुळगावला गेले. दुकानात रेडिओ मोठ्यानं चालू होता. मी आनंदानं बोलत सुटले, काका नुसते माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

“मामाजीले आयकू येत नाही आता,” सून म्हणाली. “सहा महिने झाले. रेडिओ गिऱ्हाइकासाठी लावतात. पत्राचं बी गिऱ्हाइकानंच लिहून सांगतलं त्यायले.”

मला भडभडून आलं. आणि मी मेली म्हणत होते, रुसले! कागदावर लिहून दिलं: कार्यक्रम चालू राहणार. त्यांनी दोनदा वाचलं, डोळे पुसले, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून केवढ्यानं ओरडले, “मंग तू इथं काय करून राह्यली, पोरी? आज कार्यक्रम कोन सांगन?”

धावतपळत एसटी गाठली. तेच शेवटचं बोलणं. दिवाळीनंतर काका गेले. त्या संध्याकाळचा कार्यक्रमही मीच सांगितला.