दादाच्या टाकीत म्या गांडुळं सोडले

पोट्टेहो, आज लय मोठी चूक झाली माह्या हातून.

माह्या दादानं घरी खाऱ्या पाण्याची माशांची टाकी ठेवली हाय. तो म्हणते, "वाळू जिवंत हाय बे, त्यातले किडे घाण खातेत." आज तो अकोल्याले गेला अन् मले मस्ती सुचली. उकिरड्यातले मूठभर गांडुळं वाळूत सोडले. म्हटलं, किड्यायले पावणे.

मिठानं ते घंटाभरात मेले. पाणी दुधावानी झालं, मासे वर येऊन तोंड वासू लागले.

फोन लावला. "दादा, मार मले, पण आधी उपाय सांग."

"मेलेले काढ. टाकीतलं अर्धं पाणी काढ अन् म्या बादलीत खारं पाणी तयार ठेवलं हाय, ते टाक. वाळू ढवळू नको, खालची घाण वर येईन."

तसंच केलं. नारंगी मासा आडवा पडून हाय, पण कल्ले हालून राह्यले. कोणाले माहीत हाय का, असा मासा वाचते का?