गोदामातला रोजा

सुट्टीवर कुंभारवाड्याला आलो की बसची वाट बघणारं कुणीतरी मला हमखास विचारतं, "तिकडं रोजाच्या महिन्यात तुमास्नी बी उपाशी ठेवत्यात काय?" बसगाड्या कमी, त्यामुळे विचारणाऱ्याकडे वेळ भरपूर असतो, आणि ऐकणारा मिळाला की मलाही राहवत नाही. आजवर मी बरीच उत्तरं दिली आहेत. त्यांतल्या एकदोन उत्तरांत मी वाळवंटात पाण्याचा थेंब न घेता महिनाभर राबतो. खरं काय झालं ते एकदा लिहून टाकतो.

ओमानमधल्या एका लहान गावात बांधकाम साहित्याच्या गोदामात मी स्टोअरकीपर आहे. पाइप, फिटिंग, सिमेंट. मालक तिथलाच, साठीतला, कमी बोलणारा. त्याला आम्ही अरबाब म्हणतो, म्हणजे मालकच. माझा तो पहिला रमजान. दिवसा लोकांसमोर खायचं-प्यायचं नाही एवढं मला ठाऊक होतं. आडोशाला बसून खायला आम्हाला कुणाची ना नव्हती. पहिल्या सकाळी अरबाब दारात उभा राहिला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "सायम?"

मला वाटलं, सामान आलं का असं विचारतोय. आदल्याच दिवशी ट्रक उतरवला होता. मी ऐटीत म्हणालो, "येस. फुल."

त्याने छातीवर हात ठेवला, काहीतरी पुटपुटला आणि माझा खांदा थोपटून निघून गेला. सामानाचं एवढं कौतुक करणारा मालक मी पाहिला नव्हता. मग आमच्या ड्रायव्हरने, पेशावरकडच्या पांढऱ्या दाढीच्या चाचाने, मला अर्थ सांगितला. सायम म्हणजे रोजा धरलेला माणूस. मी काय उत्तर दिलं होतं, ते त्याला सांगितलं नाही.

तेव्हाच अरबाबच्या मागे धावत जाऊन सांगायला हवं होतं. मी गेलो नाही. खांद्यावरची थाप अजून ताजी होती.

संध्याकाळी अरबाब मला गाडीत घालून मशिदीच्या अंगणात घेऊन गेला. चटईवर खजूर, ताक, गहू आणि मटण घोटून केलेली हरीस. त्याने शेजारच्या म्हाताऱ्यांना माझ्याकडे बोट दाखवून काही सांगितलं, सगळ्यांनी कौतुकाने माना हलवल्या. मी मान खाली घातली. त्यांना तो माझा नम्रपणा वाटला.

असं रोज सुरू झालं. दुपारी बारा वाजता मी मोठ्या पाइपांच्या थप्पीमागे बसून गुळाबरोबर रोटी खायचो. आईने दिलेलं सुकट डब्यातच राहिलं. ते उघडलं असतं तर वासाने सगळा बाजार गोळा झाला असता. आणि चाचा मला दुपारचं जड खोकं उचलू द्यायचा नाही. "बैठ बेटा, तेरा रोजा है," म्हणायचा आणि खोकं स्वतः उचलायचा. खरा रोजा त्याचा होता. तरी मी बसायचो. लाज वाटायची, पण उभं राहण्याइतकी नाही.

गावी आमच्या घरात फोनला रेंज नाही. आई रविवारी शाळेमागच्या चढावर जाऊन फोन लावते. सहानुभूती मिळेल या आशेने मी तिला सगळं सांगितलं.

"म्हंजी लपून खातोस?" तिने विचारलं.

"व्हय."

"ल्हानपणी गूळ चोरायचास तो भुकेनं. आता कशापायी?"

"लोक चांगलं म्हणतात म्हणून."

"मग एक दिस तरी खरा धर. म्हंजी सांगायला तोंड ऱ्हाईल."

दुसऱ्याच दिवशी धरला. पहाटेचं खाणं झोपेत हुकलं. दहा वाजेपर्यंत मी स्वतःला फार थोर वाटत होतो. अकराला चहा आठवला, बाराला डोकं ठणकायला लागलं, एकला मी चाचावर उगाच खेकसलो आणि त्यानंतर एका साइटवर टी-जॉइंटऐवजी खोकंभर एल्बो, म्हणजे काटकोनी जोड, पाठवले. तिकडून तक्रार गेली आणि अरबाब आला. तो मोडकी हिंदी बोलायचा. काय झालं, त्याने विचारलं.

"आज माझा रोजा आहे," मी म्हणालो.

"तो तर रोजच असतो."

"नाही. आज पहिलाच." आणि मी सांगून टाकलं, सामानापासून गुळापर्यंत.

अरबाबने चाचाकडे पाहिलं. मग दोघेही असे हसले की अरबाबला पाइपांच्या थप्पीचा आधार घ्यावा लागला. डोळे पुसत तो म्हणाला, "त्या थप्पीमागे रोज तुकडे सापडायचे. मला वाटलं, उंदीर झालेत. मी पिंजरा मागवलाय."

मग गंभीर होऊन म्हणाला, "खोटं बोललास, ते वाईट केलंस. उद्यापासून ऑफिसचं दार लावून नीट जेव. आत्ताही पाणी पी."

माझ्या तोंडून "नको, संध्याकाळपर्यंत निभावतो" असं निघून गेलं आणि त्याच क्षणी मी पस्तावलो. सूर्यास्ताला अजून तीन तास होते. चाचाची माफी मागितली तेव्हा तो एवढंच म्हणाला, "ईद के बाद सब पेटी तू उठाएगा." ते त्याने खरं करून दाखवलं. माझी कंबर साक्षीला आहे.

ईदच्या सकाळी अरबाबने मला घरी जेवायला नेलं. त्याची म्हातारी आई गालिच्यावर बसली होती. लेकाकडून माझी हकिगत ऐकूनही ती हसली नाही. तिने विचारलेलं अरबाबने हिंदीत सांगितलं: "तुझ्या आईला हे माहीत आहे का?"

"तिनेच मला एक दिवस धरायला लावला," मी म्हणालो.

"मग तिला फोन लाव."

सणाच्या दिवशी मी फोन करणार हे ठाऊक असल्याने आई चढावरच बसली होती. म्हातारीने फोन मागून घेतला आणि दोघी बोलल्या. एक अरबी, दुसरी आमची मराठी. भाषांतराला म्हणून मी पुढे सरकून बसलो, पण मला कुणी काही विचारलं नाही. बऱ्याच वेळाने फोन माझ्या हाती आला.

"चांगली बाई हाय," आई म्हणाली. "तिचं बी गुडघं दुखत्यात."

"तुला कसं कळलं?"

"मी दगडावर नीट बसताना कण्हले, तर तीबी तशीच कण्हली. बरं, ठिव आता. जेवून घे."

तोवर त्या माउलीने माझ्या ताटात आणखी भात वाढला होता.